दोर सोडणारा सांगतो

व्येलिच्काच्या खाणीत माणसं मी सोडतो.
लिंडनच्या सालीचा दोर, दोराला झोळ्या,
झोळीत एकेक माणूस, गुडघे पोटाशी.
वर आठ घोडे चरकाभोवती फिरतात
आणि माणसं खाली जातात घडाच्या घडानं,
स्तोत्र म्हणत.
ते ऐकू येईनासं झालं
की मी समजतो, पोचली.

त्या वर्षी उपासाच्या दिवसांत
क्राकूवहून दोन पाहुणे आले.
एक कवी, लॅटिनमध्ये लिहिणारा;
बोटं सारखी मांडीवर, काहीतरी मोजत.
दुसरा मास्टर योडोक, भट्टीवाला,
भुवया जळालेल्या, बाहीला गंधकाचा वास.
एकाच दोराला बांधले दोघे.
कवीनं डोळे मिटले, भट्टीवाल्यानं नाही.
स्तोत्र कोणीच म्हटलं नाही.
मी त्यांच्यामागून उतरलो.

हिरवट मीठ दाखवलं, राखाडी दाखवलं,
आणि ते काचेसारखं, पलीकडची वात दिसते ते.
घोडे दाखवले, खालीच म्हातारे झालेले.
कवीनं सगळं विचारून घेतलं,
शिड्या किती, पायऱ्या किती,
एका ओंडक्यामागे मजुरी किती.
(मजुरी ऐकून तो पुढचं विचारायला विसरला.)
योडोक नुसता चाटत सुटला,
भिंत, खांब, स्वतःचा अंगठा.
मग म्हणाला,
"गंधक म्हणजे आत्मा, पारा म्हणजे प्राण,
आणि मीठ म्हणजे देह.
सगळं जळून गेल्यावर उरतं, ते मीठ."

मी काही बोललो नाही.

माझा भाऊ प्शिबिस्लाव
पहाटे सगळ्यांच्या आधी पोटावर सरपटत जायचा,
अंगावर भिजवलेले कपडे, त्यावर भिजवलेलं कातडं,
हातात लांब काठी, टोकाला मशाल.
छताशी साचलेली वाईट हवा
थोडी थोडी पेटवून टाकायची,
मग बाकीच्यांनी कुदळी घेऊन यायचं.
संत अग्नेसच्या दुसऱ्या दिवशी
ती थोडी नव्हती.
त्याचं जे उरलं ते मीच वर ओढलं.
इतका हलका दोर
माझ्या हातात कधी आला नव्हता.

मुकादमानं हे कवीला सांगितलं.
कवी रडला; खोटं कशाला बोलू, खरंच रडला.
नाव विचारलं. मी सांगितलं.
त्यानं ते बोटांवर घेतलं,
लघु, गुरू, पुन्हा लघु,
उलटं केलं, शेपटी लावली, शेपटी काढली.
"सुरुवातीलाच तीन व्यंजनं," तो म्हणाला,
"आमच्या छंदाला हे गिळता येत नाही."
आई त्याला प्शिबेक म्हणायची, हेही मी सांगून पाहिलं.
तेही बसेना.

योडोकनं काचेसारखा एक खडा नेला,
बदल्यात सोनं कबूल केलं.
चाळीस दिवस आच दिली म्हणे.
दोन भांडी तडकली, एक नोकर पळाला,
मीठ मात्र मिठाला जागलं,
मीठच राहिलं.

कवीचं पुस्तक पुढच्या हिवाळ्यात आलं, छापलेलं.
पाद्रीबुवांनी आमच्या चुलीशी बसून वाचलं,
दर ओळीला थांबून आमच्या भाषेत सांगत.
शिड्या बरोबर होत्या. घोडे बरोबर होते.
समुद्राची कुणी देवी होती, ती आम्हाला माहीत नव्हती.
मजुरी नव्हती.
आईनं विचारलं, "प्शिबेक कुठाय?"
बुवांनी पान उलटलं, परत उलटलं,
आणि एका शब्दावर बोट ठेवलं.
"हा. 'कोणी एक.'"

आईनं बोट ओलं केलं,
त्या शब्दावर टेकवलं, जिभेला लावलं.
"अळणी आहे," म्हणाली,
आणि उठून आमटी ढवळायला गेली.

खिडकीतल्या खड्याला घाम फुटला होता.
उद्या पाऊस, आणि दोर ओला,
ओला दोर जड चालतो.
मी कोपऱ्यात जाऊन हातांना चरबी चोळत बसलो.